किल्ली सुधारला

“आजपासून या तुरुंगात कुलपावर नाही, माणसावर विश्वास ठेवला जाईल!” प्रशिक्षण वर्गात मोठ्या साहेबांनी गर्जना केली. अधिकाऱ्यांच्या टाळ्यांच्या कडकडाटात दाराचं टाळं खटकन लागलेलं कुणाला ऐकूच आलं नाही. खोलीत कैदी दिसला की दार बंद करायचं, ही पहारेकऱ्याच्या हाताची सवय. ते करून तो जेवायला निघून गेला.

कैदी म्हणजे ‘किल्ली’. एकेकाळचा घरफोड्या, आता सुधारलेला, म्हणून नमुना दाखवायला आणलेला.

मोबाइल सगळ्यांचे फाटकावर जमा. हाका मारून मारून घसे बसले. मोठे साहेब तर पाय आवळून येरझाऱ्या घालू लागले; त्यांना भाषणाच्या आधीपासूनच ‘जाऊन यायचं’ होतं.

“किल्ली, बघ ना जरा. तुझ्या तर डाव्या हातचा मळ!”

“नाही साहेब. परवा सुटतोय मी. कुलपाला हात लावलास तर सुटका रद्द, असं तुम्हीच बजावलंय. लेक फाटकावर न्यायला येणार आहे.”

साहेबांनी सगळ्यांदेखत हात जोडले.



“अरे बाबा, दोन मिनिटांपुरता बिघड की रे!”