कावळ्याला दिलेला शब्द

पत्नीच्या पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा नाशकात गोदाकाठी देवव्रतरावांनी हात जोडून शब्द दिला होता, “शशिकले, तुझा आवाज पुन्हा ऐकणार नाही. तू मोकळी हो.” कावळा तत्काळ शिवला.

कतारमधल्या दोह्याच्या घरी परतताच त्यांनी संगणकावर तिचे ध्वनिमुद्रित स्तोत्र लावले. अखेरच्या श्लोकापाशी संगणक बंद पडला. मग रोज तिथेच.

“अंकल, पॉवर सप्लाय बूढ़ा हो गया, गरम होके बंद होता है,” म्हणत दुरुस्तीवाल्याने नवा बसवला.

त्या संध्याकाळी स्तोत्र पूर्ण झाले. देवव्रतरावांचे डोळे पाणावले.

खिडकीत काढून ठेवलेल्या जुन्या सप्लायचा पंखा, वायरी मोकळ्या लोंबत असताना, फिरू लागला.

“अहो,” स्पीकरमधून शशिकलाबाई म्हणाल्या, “कावळ्याला फसवलंत ते फसवलंत. मलाही?”