वजा सात

"एकशे त्रेचाळीस," झेंड्यापासून शंभर यार्डांवरच्या खुंटापासून मागे चेंडूपर्यंत पावलं मोजत आलेला बाप म्हणाला आणि गोल्फची पिशवी उभी करून तिला टेकला.

मुलीने मान डोलावली आणि मनातल्या मनात सात वजा केले.

शेवटचं भोक होतं. एक फटका मारून झाला होता. एकूण चारात चेंडू आत गेला तर तिला व्यावसायिक खेळाडूचं कार्ड मिळणार. पाचवा लागला तर आणखी वर्षभर हौशीच. अंतर मोजायचं यंत्र या स्पर्धेत चालत नव्हतं. चालत असतं तरी बापाने ते पिशवीत ठेवू दिलं नसतं. जमीनमोजणीत उभी हयात गेलेला माणूस! त्याचं एक पाऊल म्हणजे एक यार्ड, त्यात केसभर फरक नाही. पण वर्षापूर्वी गुडघ्याने दगा दिला, पाऊल आखडलं आणि तेवढ्याच जमिनीत जास्त पावलं मावायला लागली. हे त्याला सांगणार कोण? त्याचा अभिमान दुखावण्यापेक्षा वजाबाकी सोपी होती.

तिने हात जरा राखून मारला. चेंडू सुरेख उडाला, सरळ झेंड्याकडे निघाला आणि हिरवळीच्या अलीकडे वाळूच्या खड्ड्यात पडला.

बाप चेंडूकडे नाही, तिच्याकडे बघत होता. "किती धरलंस?"

"एकशे छत्तीस."

"मी त्रेचाळीस म्हटलं ना?"

तिला आता त्या लपवाछपवीचाच कंटाळा आला. "बाबा, तुमचं पाऊल लहान झालंय. मी नेहमी थोडे कमी करते."

"अगं वेडाबाई!" बापाने कपाळावर हात मारला. "मागच्या भोकावर आपण शेजारी शेजारी चालत होतो ना, तेव्हा मी मोजलं. तुझी तीस झाली, तेवढ्यात माझी पस्तीस. म्हणून यावेळी मीच सात कमी करून सांगितले!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोललीस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. जन्माची मेहनत वाळूत रुतून बसली होती आणि ही बापलेक पोट धरून हसत होती. पंचाने घड्याळ पाहिलं.

हसण्याने तिचे खांदे सैल पडले होते. वाळूतून चेंडू अलगद वर आला आणि भोकापासून दोन पावलांवर थांबला. बापाने झेंडा काढून धरला. तिने चेंडू ढकलला. तो काठावर जरासा घुटमळला, आणि आत गेला.

दोरीपलीकडच्या दहा-बारा माणसांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळी पांगली. पंचाने तिच्याशी हात मिळवला. "अभिनंदन. आता पुढच्या महिन्यापासून मोठ्या स्पर्धा. पिशवी कोण घेणार?"

"बाबाच," ती पटकन म्हणाली.

"नाही," बाप म्हणाला. "एखादा धडधाकट माणूस बघा तिच्यासाठी."

तिला रडूच आलं. "आणि तुम्ही?"

"अकरा वर्षं तुझ्याबरोबर फिरतोय. खांद्यावर पिशवी, हातात झेंडा. टाळी वाजवायची राहूनच गेली, पोरी."

त्याने झेंडा भोकात परत लावला. पिशवी तिच्या पायाशी ठेवली. गुडघा सांभाळत, कण्हत, दोरीखालून वाकून पलीकडे गेला. तिथे आता कोणीच उरलं नव्हतं. तो ताठ उभा राहिला आणि एकटाच टाळ्या वाजवायला लागला.