साठ चौरस फूट

“माणूस अंतराळात सुखाने नांदेल! दोघांना साठ चौरस फूट पुष्कळ झाले, मग एकजण सत्तरीचा का असेना!” शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. सर्वांत जोरात टाळ्या त्यांच्या बायकोने वाजवल्या. गेल्याच महिन्यात ते तिला म्हणाले होते, “तुझी आई वृद्धाश्रमातच बरी. आपल्या चार खोल्यांत तिसरं माणूस मावायचं कुठे?”

ती उठून म्हणाली, “मग चाचणीला आमच्याच घरची दोघं बसतील.” पत्रकारांनी लिहून घेतलं, शास्त्रज्ञांनी अभिमानाने मान डोलावली.

पुढच्या सोमवारी प्रयोगशाळेतल्या अंतराळघराचं दार नव्वद दिवसांसाठी बाहेरून बंद झालं. काचेपलीकडून बायकोने हसून हात हलवला.

आत, अगदी कानाशी आवाज आला, “जावईबापू, जरा पाय आखडून घेता का?”