मातीचं अत्तर

हळदीकुंकवाच्या बैठकीत बायकांनी अत्तर लावलेली मनगटं नाकाशी नेली.

"ही तर नुकती नांगरलेली जमीन!" एकजण म्हणाली.

"मला लाकडाच्या वखारीत गेल्यासारखं वाटलं. पावसात भिजलेलं लाकूड."

"थांबा जरा, मागून चंदन येतंय."

माणिकबाईंनी आपलं मनगट पदराला खसाखसा पुसलं. त्या साली वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव होता. सौद्यांच्या भांडणांवर अकोल्यातले वकील गब्बर झाले होते आणि माणिकबाईंचे यजमान कमलाकांत त्यांत पहिले. कनोजचा अत्तरवाला थेट त्यांच्या दारी आला होता. हळदीकुंकवाला गुलाब मिरवावा म्हणून घेतलेल्या कुपीतून निघाली माती. बायका हसल्या, ते माणिकबाईंना फार लागलं.

"रुख्मिणी, ही उकिरड्यावर ओतून ये," त्यांनी दाराबाहेर पाहून हाक दिली.

रुख्मिणी त्यांची धाकटी जाऊ. नवरा गेला तेव्हा ती बारा वर्षांची होती. आता विशीला आली होती. डोकं तासलेलं, अंगावर लाल आलवण. हळदीकुंकवाच्या बैठकीत तिला पाऊल टाकायला बंदी होती.

उकिरड्याशी तिनं कुपीचं बूच काढलं आणि ती तिथंच खाली बसली. चांदूर बाजारचं माहेर, वैशाखातली दुपार, आईनं तापलेल्या ओसरीवर शिंपडलेलं पाणी. त्या ओल्या गारव्यावर गाल टेकून ती झोपायची. तो वास होता हा. तिनं बूच लावलं आणि कुपी गोवऱ्यांच्या खोलीत लपवली.

पहिल्या दिवशी कानामागे एक थेंब लावून ती वाढायला गेली. कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मनगटाला लावलं. मग गळ्याला. मग तिला चटकच लागली. वाकून वाढताना ती मुद्दाम रेंगाळू लागली. नाही म्हणायला पोरं जवळून पळायची, पण तीही अंग चोरून. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. वास यायला माणूस जवळ यावा लागतो. तिच्याजवळ कुणी येतच नव्हतं.

मग माणिकबाई अमरावतीच्या एका लग्नाला जाऊन आल्या. तिथं एका बड्या कापूसवाल्याच्या सुनेनं हेच अत्तर लावलं होतं आणि साऱ्या बायका तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. माणिकबाई हळहळत परतल्या.

"ओतलंस ना ते?"

"हो," रुख्मिणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणिकबाई सोवळं नेसून देवघराकडे निघाल्या आणि माजघरातच थबकल्या. त्यांनी हवा हुंगली. तोच वास.

"घरात चोर आहे!"

मागच्या अंगणात मोलकरीण पार्बता भांडी घासत होती. सोवळं मोडलं तर मोडलं, माणिकबाईंनी तिचे दोन्ही हात ओढून नाकाशी धरले.

"हाच! उकिरड्यावरून उचललंस ना?"

"बाई, मी मातीनं भांडे घासते. हाताले मातीचाच वास येईन न!"

कमलाकांत बाहेर आले. आळीत चोर म्हणून नाव सांगतो, मग बघू कोण तुला दारात उभं करतं, असं ते शांतपणे म्हणाले. पार्बताच्या घरी आंधळा नवरा होता. ती त्यांच्या पायांवर पडली. त्यांनी पाय मागे घेतले.

रुख्मिणी पुढे आली. थोरल्या दिरांसमोर तिनं आजवर तोंड उघडलं नव्हतं.

"जाऊबाई, मी लावलंय. ओतलंच नाही मी. हे बघा." तिनं मनगट पुढे केलं.

माणिकबाई दोन पावलं मागे सरल्या. "दूर हो! सकाळी सकाळी तुझा विटाळ नको."

"एकदा वास तर घ्या."

"मोलकरणीसाठी खोटं बोलतेस? तुला कुठून ही हौस?" एवढं बोलून माणिकबाई पुन्हा आंघोळीला गेल्या. कमलाकांतांनी मनगटाकडे पाहिलंही नाही. ते ओटीवर गेले आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागले.

पार्बतानं हात धुतले, पदर डोक्यावर घेतला आणि ती मागच्या दारानं निघाली. रुख्मिणी धावत तिच्यामागं गेली.

"पार्बता, मी खोटं नाही गं बोलले. ते खरंच मी लावत होते."

"मले मालूम हाय. पयल्या दिवशीच समजलं मले."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

पार्बता उंबऱ्याबाहेर थांबली.

"काय सांगू, बाई? तुमाले लई शोभून राहिलं होतं."