ट्रंकांचं शहर

"पत्र्याच्या ट्रंका रिकाम्या करा गं साऱ्या," मी म्हटलं. "झाकणं उघडा आणि तोंडं तिरकी आभाळाकडं करून मांडा."

पुराचं पाणी शाळेच्या स्लॅबपासून हातभर खाली होतं. वर आम्ही दहा-बारा घरची माणसं, शेरडं आणि वाचवलेल्या ट्रंका. उपाशी बसून जीव आंबलेला. ढग इतके खाली, की हेलिकॉप्टरला आम्ही दिसणार कुठून?

"माझा शालू भिजंल की, आत्याबाई," सून मालन पेंगुळल्या आवाजात म्हणाली. "आता तरी थापा नकोत."

"थाप नाही गं. गेल्या साली विमानाच्या रडारची चाचणी घ्यायला आलेला, आपल्या रानात तीन पत्रे कोपऱ्यासारखे जोडून ठेवणारा साहेब आठवतो का? त्यांच्या विमानातलं रडार ढगातनं बघतं. त्याला पाणी काळं दिसतं आणि पत्र्याचे कोपरे लखलखतात. उघड्या ट्रंकेच्या आत तसलेच कोपरे असतात की."

कुणालाच पटलं नाही. पण वाद घालायचं त्राणही कुणात नव्हतं, म्हणून ट्रंका उघडल्या. मालननं शालू पदराखाली पोटाशी धरला. ढगांवरनं विमानाची घरघर आली आणि गेली. मग आम्ही नुसते बसून राहिलो.

दिवस कलताना एक सोडून चार मोठ्या बोटी आल्या. पहिलीतला जवान भांबावून इकडंतिकडं बघत राहिला.

"आज्जी, रडारच्या फोटोत इथं केवढी मोठी वस्ती चमकत होती. ती कुठाय?"

मला हसायचंही बळ नव्हतं. मालनला म्हटलं, "चल, शेरडं पण चढव. आज रडारनं माझ्यापेक्षा मोठी थाप मारलीय."