अस्सल व्हॉल्व्ह

नवऱ्याचा जुना वायरलेस सेट हौशी रेडिओ क्लबला देताना काकूंनी एकच अट घातली होती, ह्यांचे काचेचे व्हॉल्व्ह काढायचे नाहीत. सेक्रेटरीने तेव्हा गळ्याची शपथ घेतली होती.

आज क्लबच्या हॉलमध्ये तासाभरापासून तो दुरुस्त झालेला सेट चालू होता, आणि सेक्रेटरीचं तोंड त्याहून जोरात चालू होतं. "ट्रान्झिस्टरची खेळणी मी दारात उभी करत नाही. अस्सल व्हॉल्व्हचा आवाज ओळखायला कान लागतात, कान!" चार टाळकी माना डोलवत होती.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं मनात म्हणत काकू सेटजवळ गेल्या. ह्याच व्हॉल्व्हनी पोळलेल्या नवऱ्याच्या बोटांना मलम लावण्यात त्यांचा अर्धा संसार गेला होता. आत मोठा व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा लाल दिसत होता.

त्यांनी हात पुढे केला तसा सेक्रेटरी खेकसला, "अहो काकू, हात नका लावू! बायकांना यातलं काही कळत नाही. चटका बसेल ना!"



काकूंनी तो व्हॉल्व्ह मुठीत गच्च धरला, आणि तसाच धरून ठेवत शांतपणे विचारलं, "ह्याच्या खाली लाल दिवा कुठला लावलात हो?"