अप्पांच्या मांडीखालच्या काडेपेट्या

सोनपेठच्या बाजारात किराणा विकणाऱ्या रेवणसिद्धअप्पांनी आधी सगळ्यांच्या काडेपेट्या जमा करून घेतल्या. शेजाऱ्यांच्या, गिऱ्हाइकांच्या, कॉलेजात रसायन शिकवणाऱ्या गुरुपाद सरांचीसुद्धा. चुलीजवळची आली. मग दुकानातला अख्खा पुडा आला. सगळा माल मांडीखाली घेऊन अप्पा अंगणात बसले. नेहमीपेक्षा जरा उंच दिसायला लागले.

"आता पेटू दे," अप्पा लेकीला म्हणाले. "काडी न लावता पेटलं तर तू परभणीला, बीएस्सीला. न्हाई पेटलं तर दुकानात. मंजूर?"

"मंजूर," नीलम्मा म्हणाली. विद्यापीठाच्या नामांतराचं एकदा काय ते ठरू दे, मग बघू, असं अप्पा तिला दहावीपासून सांगत होते. नाव ठरत नव्हतं. मग तिनंच ही पैज काढली.

"आपोआप पेटतंय म्हणं," अप्पा लोकांना म्हणाले. "जन्म गेला काडेपेट्या विकण्यात, मला कुणी बोललं न्हाई."

सरांनी पाण्याच्या बाटलीतून चिमट्यानं फॉस्फरसचा हरभऱ्याएवढा तुकडा काढला, टिपकागदानं टिपला आणि विटेवर ठेवला.

"मेणबत्ती हाय की ही," शेजारचा भुजंग म्हणाला. त्याच्या तोंडात न पेटवलेली बिडी होती.

"कोरडा राहिला की हवेत आपोआप पेटतो," सर म्हणाले. "फक्त हात कुणी लावू नका."

सगळे विटेकडे बघत बसले. त्या विटेला असा मान कधी मिळाला नव्हता.

तुकड्यातून पांढरा धूर निघाला. नीलम्मा पुढं सरकली. तेवढ्यात अप्पांची थोरली बहीण शांतम्मा तांब्या घेऊन आली आणि विटेवर पाणी ओतलं.

"आत्या, अगं..."

"पेटलं असतं की आता," आत्या म्हणाली. "समदे हितंच बसलेत अन् कुणाचं ध्यान न्हाई."

सरांनी तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. तुकडा पुन्हा टिपला. धूर निघाला. आत्यानं पाणी ओतलं. ती मुद्दाम करत नव्हती. धूर दिसला की हात तांब्याकडे जायचा. शेजारच्या लग्नात तिनं असाच होम विझवला होता.

"सर, भिजवून पेटत न्हाई, हे पक्कं झालं," भुजंग म्हणाला.

टिपकागदाचा शेवटचा कपटा उरला होता. सरांनी तुकडा जपून टिपला. नीलम्मानं विटेकडं बघितलं, मग आत्याकडं.

"आत्या, सरांना चहा टाक की."

आत्या लगबगीनं आत गेली आणि तशीच परत आली.

"रेवणा, काडेपेटी दे."

"न्हाई."

"मग चहा काय आपोआप उकळतोय?"

"पैज चालू हाय, अक्का. एक बी काडी सुटणार न्हाई."

"किराणावाल्याच्या घरात काडी न्हाई. लोकाला कळलं तर काय म्हणतील?"

"लोक हितंच बसलेत."

आत्या अप्पांना काडेपेट्यांवरून ढकलायला लागली. अप्पा हलेनात. विटेपेक्षा हे बघण्यासारखं होतं, म्हणून सगळी माणसं तिकडं वळली.

"अप्पा," नीलम्मा म्हणाली.

विटेवर पिवळी ज्योत उभी होती. तिच्याशिवाय कुणीच ती पेटताना बघितली नव्हती.

"काडी लावली कुणीतरी," अप्पा म्हणाले.

"कुणी?"

अप्पांनी एकेकाचं तोंड बघितलं. मग मांडीखाली हात घालून चाचपलं. गल्लीतली काडी अन् काडी ते स्वतः उबवत बसले होते.

धूर बघून आत्याचा हात तांब्याकडे गेला. या वेळी तो अप्पांनी धरला.

"जळू दे, अक्का."

तुकडा पुरता जळून गेल्यावर अप्पा उठले. ज्याची त्याला काडेपेटी दिली. भुजंगनं लगेच बिडी पेटवली. अप्पांनी पुडा फोडून एक नवी काडेपेटी काढली, कानाजवळ हलवून बघितली आणि नीलम्माच्या हातात दिली.

"ही ट्रंकेत टाक," ते म्हणाले. "परभणीला स्टो आपोआप पेटत न्हाई."